घर बांधणाऱ्या ठेकेदाराला सरकारी परवाना सक्तीचा हवा का?

रेवा_सातारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज स्वतःचंच दुखणं घेऊन आले आहे.

साताऱ्याजवळ आमचा सव्वा गुंठ्याचा प्लॉट आहे. बाबांना निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून तिथं घर बांधायला काढलं. नात्यातल्या एकांनी ठेकेदार सुचवला. मटेरियल आमचं, लेबर त्याचं, चौरस फुटावर रेट. माणूस बोलायला गोड, वेळेवर येणारा.

कॉलमच्या सेंटरिंगच्या प्लेटा (काँक्रीट ओतायचा साचा) काढल्या त्या दिवशी आम्ही दुपारी जायचे, ते सकाळीच गेलो. जिन्याजवळच्या कॉलमच्या पायाशी खडी उघडी पडली होती, मधे माल भरलेलाच नव्हता. बाबांनी स्कूटरची किल्ली त्या फटीत घातली, ती मुठीपर्यंत आत गेली. शेजारी घमेल्यात सिमेंटचा पातळ रबडा कालवून ठेवलेला. आम्ही दुपारी गेलो असतो तर भोक लिंपलेलं असतं आणि आम्हाला कधीच कळलं नसतं.

पुढं स्लॅब झाला. नवव्या दिवशी बीमखालचे टेकू काढले, कारण प्लेटा दुसऱ्या साइटवर हव्या होत्या. आता हॉलच्या सोळा फुटी बीमला दोरी धरली की मधे बोटभर झोल दिसतो. बाहेरून स्ट्रक्चरल इंजिनिअर आणले. ते म्हणाले, दोन कॉलमना जॅकेटिंग, म्हणजे भोवतीनं सळई आणि काँक्रीटचा नवा थर, करावं लागेल, बीमचं तपासून सांगतो.

चौकशी केली तेव्हा कळलं की हा गृहस्थ तीन वर्षांपूर्वीपर्यंत वाळूचा टेम्पो चालवत होता. टेम्पो चालवायला त्याला परवाना लागत होता. आमचं घर बांधायला काहीच लागलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे: राहतं घर बांधून देण्याचं काम घेणाऱ्या प्रत्येकाला राज्याचा परवाना सक्तीचा असावा, आणि असं काम केलं तर तो रद्द व्हावा. तुम्हाला काय वाटतं?

सदूभाऊ

वाचून पोटात कालवलं. बाबांना धीर द्या, जॅकेटिंग नीट झालं तर कॉलम पहिल्यापेक्षा मजबूत होतात.

पेठकर_७१

ताई, रेरा आहे की, बिल्डरांवरचा कायदा. महारेराकडे तक्रार टाका. स्ट्रक्चरमधला दोष ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं कायद्यातच आहे.

अ‍ॅड_मृणाल

@पेठकर_७१, इथं रेरा लागू होत नाही. २०१६ चा तो कायदा विकण्यासाठी बांधलेल्या प्रकल्पांचा आहे, तोही छोटे प्रकल्प वगळून. स्वतःच्या जागेवर ठेकेदार लावून बांधलेलं घर त्यात बसत नाही. शिवाय रेरा नोंदणी करतो ती प्रकल्पाची. बांधणाऱ्याला बांधता येतं का, हे रेराही विचारत नाही. आपल्याकडे फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला २०२३ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. बांधणाऱ्याला कसलीच परीक्षा नाही.

रेवाताईंना मार्ग ग्राहक आयोगाचा. घरबांधणी ही ग्राहक कायद्यात सेवा धरलेली आहे. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत. लेखी करार आहे का?

रेवा_सातारा

करार म्हणजे वहीच्या पानावर रेट आणि हप्ते लिहिलेत, खाली दोघांच्या सह्या. पैसे मात्र सगळे बँकेतून दिलेत.

अ‍ॅड_मृणाल

तेही चालेल. ते पान आणि पासबुक जपून ठेवा. जॅकेटिंग सुरू करण्याआधी सगळ्याचे तारखेसकट फोटो काढा आणि इंजिनिअरचा अहवाल सही-शिक्क्यानिशी घ्या. एकदा दुरुस्ती झाली की पुरावा काँक्रीटच्या आत जातो.

काळू_बाळू_नगर

परवाना म्हणजे अजून एक टेबल. ज्याच्याकडे पैसे तो परवाना आणणार, ज्याच्या हातात कला आहे तो मिस्त्री बाहेर बसणार. आमच्या गावात ज्या गवंड्याने चाळीस वर्षं घरं बांधली, एकाही घराला तडा नाही, त्याला सही येत नाही. त्याला कुठली परीक्षा देणार तुम्ही?

भालचंद्र_स्ट्रक्चरल

तीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

आपल्याकडे कागदावर परवानेवाले लोक आहेतच. १९७२ च्या कायद्याने वास्तुविशारदाला कौन्सिलची नोंदणी लागते. नगरपालिका-महानगरपालिका इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांना लायसन्स देतात. म्हणजे जो कागद काढतो त्याला लायसन्स आहे, जो माल ओततो त्याला नाही. आणि छोट्या घरात हे दोघं एकमेकांना क्वचितच भेटतात. माझं ड्रॉइंग साइटवर सिमेंटच्या गोणीखाली दडपलेलं मी कितीदा पाहिलंय. डिसेंबर २०२० च्या एकात्मिक नियमावलीत तर १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला नकाशा आणि शुल्काची पावती हीच परवानगी धरली आहे. लोकांचे हेलपाटे वाचले, ते चांगलंच झालं. पण रेवाताईंचा प्लॉट नेमका त्यातच बसतो, म्हणजे बांधकाम चालू असताना कुणी सरकारी माणूस फिरकण्याची शक्यता आणखी कमी.

आता टेकूंबद्दल. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात स्पष्ट आहे: साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवसांनी. बीम सहा मीटरपर्यंत असेल तर चौदा दिवस, पुढं एकवीस. सोळा फुटी बीमचे टेकू नवव्या दिवशी काढणं ही चूक कुठलाही जाणता सेंटरिंगवाला करत नाही. पण त्याला प्लेटांचं भाडं रोजावर पडतं. प्लेटा अडकल्या की त्याचे पैसे बुडतात, म्हणून घाई.

पोकळ कॉलमचं कारणही साधं असतं. प्लेटा पूर्ण उंचीच्या लावायच्या, वरून दहा फुटांवरून माल सोडायचा, माल हलवून बसवणारा व्हायब्रेटर आणायचा नाही, सळईने चार टोचे द्यायचे. खडी खाली बसते आणि सिमेंटचं पाणी प्लेटांच्या फटीतून वाहून जातं. तळाशी फक्त खडी उरते, आणि भूकंपात कॉलमवर सगळ्यात जास्त ताण येतो तो त्याच टोकांना.

या गोष्टी शिकायला डिग्री लागत नाही. आठवडाभराचं शिक्षण आणि एक तोंडी परीक्षा पुरे. म्हणून परवाना हवा या मताचा मी आहे, पण तो हातातलं काम बघून दिलेला हवा. पदवीची अट नको.

गोट्या_मामा

विषय गंभीर आहे, पण आपल्या भाषेचं एक सांगतो. गेल्या महिन्यात पहाटे साडूंचा फोन, "स्लॅब पडला!" मी चप्पल न घालता धावलो. तिथं गेलो तर सगळे पेढे खात उभे!

सदूभाऊ

गोट्या मामा :) आमच्याकडे घरातल्या बायकांनी ठरवलंय, "स्लॅब झाला" म्हणायचं, "पडला" म्हणायचं नाही.

अप्पा_उमरगेकर

काळू_बाळू यांच्या चाळीस वर्षांच्या गवंड्यावर बोलायचं आहे, रागावू नका.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या आत जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, होळी ही गावं झोपेतच गेली. काही हजार माणसं गेली. आमच्या भागातली घरं म्हणजे दोन-तीन फूट जाडीच्या दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार, पिढ्यान्‌पिढ्या एक तडा नाही. ती बांधणारे गवंडीही नावाजलेले. दगडाचा चेहरा असा घडवायचे की बघत राहावं. पण भिंतीच्या आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना धरून ठेवणारा आरपार दगड कोणी घालत नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. हलल्याबरोबर भिंती फुगल्या, माळवद खाली आलं.

माझे वडील गवंडी होते. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कामात त्यांना शिकवलं. जोत्याला, चौकटीच्या वर आणि छताखाली काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यात सळई, भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार दगड. तोपर्यंत त्यांची हयात भिंती बांधण्यात गेली होती. पहिल्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. आईला म्हणाले, "हे एवढंच होतं, कुणी आधी सांगितलं असतं तर." ते वाक्य मी अजून विसरलो नाही.

तडा नाही म्हणजे घर चांगलं, हे मी मानत नाही. घराची परीक्षा एकदाच होते. बांधणाऱ्याची त्याआधी व्हायला हवी. आणि माझ्या वडिलांनाही सही येत नव्हती, तरी ते शिकले.

काळू_बाळू_नगर

अप्पा, रागवायचं कशाला. वडिलांचं वाचून गप्प झालो.

वैदेही_ऑस्टिन

मी टेक्ससमध्ये राहते. इथलं उदाहरण अगदी याच प्रश्नाचं आहे. इथं इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरला राज्याचं लायसन्स लागतं, पण घर बांधणाऱ्या बिल्डरला राज्याचं लायसन्स नाही. २००३ मध्ये राज्याने बिल्डरांसाठी एक आयोग काढला होता. त्याच्याकडे बिल्डरने नोंदणी करायची, पण बांधता येतं का याची परीक्षा नाही. उलट घरमालकाला कोर्टात जायच्या आधी आयोगाच्या तपासणीतून जावं लागायचं. लोक म्हणायला लागले, हा आयोग आम्हाला वाचवण्यासाठी आहे की बिल्डरला? शेवटी २००९ मध्ये विधिमंडळाने त्याला मुदतवाढ दिली नाही आणि तो बंद झाला. त्याच्या जागी काही आलं नाही.

कॅलिफोर्निया उलट टोकाला. तिथं चार वर्षांचा अनुभव दाखवायचा, कायद्याची आणि कामाची अशा दोन परीक्षा द्यायच्या, हमी म्हणून २५,००० डॉलरचा बाँड ठेवायचा. लायसन्सचा नंबर जाहिरातीत छापावा लागतो, आणि तो नंबर टाकून कुणालाही त्या माणसाची माहिती बघता येते. दोन्हीकडे काढली ती "सरकारी यंत्रणा"च, पण आत काय आहे त्यावर सगळं अवलंबून.

विनय_सिडनी

+१. फक्त लायसन्सवर भिस्त ठेवू नका, एवढं इथून सांगतो. आमच्या न्यू साउथ वेल्स राज्यात ५,००० डॉलरच्या वरचं घरकाम करायला लायसन्स लागतं, २०,००० च्या वर असेल तर घरमालकासाठी विमाही काढावा लागतो. तरी २०१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ओपल टॉवर या नव्याकोऱ्या इमारतीला तडे गेले आणि लोकांना घराबाहेर काढावं लागलं. पुढच्या वर्षी मॅस्कॉट टॉवर्स ही दुसरी इमारत रिकामी केली. आणि तो विमा तीन मजल्यांपेक्षा उंच इमारतींना नाहीच! त्यानंतर बिल्डिंग कमिशनर नेमला, २०२० मध्ये कायदे केले आणि गंभीर दोष असेल तर भोगवटा प्रमाणपत्रच (राहायला जाण्याची परवानगी) अडवायचा अधिकार दिला. बिल्डर हलले ते तेव्हा.

काणकोणची_सुमन

आमच्या गोव्यात पंचायतीचं कन्स्ट्रक्शन लायसन्स असतं की.

अ‍ॅड_मृणाल

सुमनताई, ते बांधकामाला असतं. बांधणाऱ्याला नाही.

काणकोणची_सुमन

खरं आहे. तुमचं उत्तर वाचलं आणि ४ जानेवारी २०१४ आठवला. आमच्या काणकोणच्या चावडी भागात बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळली, तीसच्या आसपास मजूर गेले. बहुतेक बाहेरून पोटासाठी आलेले. आमची दुकानं दोन दिवस बंद होती. घरमालकाची काळजी सगळे करतात, पण पहिला दबतो तो मजूर. धाग्यात कुणी त्यांचं नाव काढलं नव्हतं म्हणून लिहिलं.

बाळासाहेब_वायरमन

सुमनताईंनी लिहिलं ते बरं केलं.

माझा धंदा परवान्याचा. वायरमनचं लायसन आहे. नवीन मीटर घेताना लायसनवाल्या कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, त्याशिवाय कनेक्शन नाही. पद्धत चांगली. पण खरं सांगतो, घर न बघता सही देणारे आहेत. कागद घरी येतो, सही होते, ठरलेले पैसे मिळतात. बांधकामातही लायसन भाड्याने मिळायला लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तरी लायसन नकोच असं मी म्हणणार नाही. अर्थिंग नीट केल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नाही. शॉक लागून कुणी गेलं तर माझं नाव त्या कागदावर आहे, ही भीती मला आहे. रेवाताईंच्या ठेकेदाराचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

निलेश_ठेकेदार

मी ठेकेदार आहे, तेव्हा दोन शब्द आमच्या बाजूचे. लोक तीन कोटेशन घेतात आणि सगळ्यात स्वस्त निवडतात. मग म्हणतात, "कॉलमच्या सळयांभोवतीची रिंग सहा इंचांवर कशाला, आठवर टाका, सळई वाचेल." पाया एका मजल्याचा, आणि मालक म्हणतो वर अजून एक चढवू. नाही म्हटलं की दुसरा माणूस आणतात. परवाना आला तर मला सगळ्यात मोठा फायदा हा होईल की मी मालकाला सांगू शकेन, "साहेब, माझं लायसन जाईल, मी हे करणार नाही."

आणखी एक. मी सार्वजनिक बांधकाम खात्याचा नोंदणीकृत ठेकेदार आहे. गावची मोरी, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, बांधायची तर शासन माझा वर्ग बघतं, केलेल्या कामाचे दाखले बघतं, अनामत घेतं, काँक्रीटचे क्यूब लॅबला पाठवायला लावतं. त्याच गावात चार माणसांचं घर बांधायला मला कुणी नावही विचारत नाही. सरकारला स्वतःच्या मोरीची जेवढी काळजी आहे तेवढी लोकांच्या घराची का नसावी?

भालचंद्र_स्ट्रक्चरल

निलेश, मोरी आणि घराचं हे वाक्य मी आता प्रत्येक बैठकीत वापरणार, आधीच सांगतो. बाळासाहेबांच्या भीतीला उत्तर म्हणून थोडं पुढं नेतो. सही भाड्याने मिळते कारण ती शेवटी एकदाच होते. घरकुल योजनेत बघा. जोतं, चौकट, छत अशा टप्प्यांवर जागेवरून फोटो घेतात आणि मग पुढचा हप्ता. अप्पांच्या भागातही असंच झालं असेल.

अप्पा_उमरगेकर

होय. इंजिनिअर बघून गेल्यावरच आमचा पुढचा हप्ता सुटायचा. त्याला चहा पाजून काही होत नव्हतं, पट्ट्याची सळई दिसलीच पाहिजे.

भालचंद्र_स्ट्रक्चरल

तेच. पायाची सळई झाकण्याआधी, कॉलम भरण्याआधी, स्लॅब ओतण्याआधी, अशा तीन वेळा. ठेकेदार आणि इंजिनिअर दोघांची नावं साइटवरच्या फलकावर आणि मालकाच्या कागदावर. परवाना त्या नावाला जोडलेला. मग तो काढून घेतला तर चटका बसेल.

पेठकर_७१

रेराबद्दल माझी माहिती अर्धवट होती, मृणालताईंचे आभार. एक शंका. याने खर्च किती वाढेल? आमच्यासारखा माणूस आधीच कर्जात असतो.

निलेश_ठेकेदार

काका, तीन तपासण्यांचे पैसे टाइल्सच्या एका खोलीपेक्षा जास्त होणार नाहीत, हा माझा अंदाज. जॅकेटिंगचा खर्च रेवाताईंना विचारा.

मनीषा_विटा

परवाना येईल तेव्हा येईल. आम्ही मागच्या वर्षी घर बांधलं तेव्हा स्लॅबच्या दिवशी मी मिक्सरपाशी खुर्ची टाकून बसले होते. इंजिनिअरनी सांगितलं होतं, एका गोणीला तीस लिटरपर्यंतच पाणी. दहा लिटरच्या बादल्या, गोणीला तीन. माल ओढायला जड जातो म्हणून मजूर चौथी घालायला बघतात. मी वहीत रेघा मारत होते. दुपारी चार वाजता मिस्त्री म्हणाला, "वहिनी, तुम्ही जेवायला तरी जा." मी म्हटलं, ताट इथंच आणा! नंतर त्यालाच पटलं, पुढच्या साइटवर त्याने माझी वही मागून नेली.

सदूभाऊ

मनीषाताईंना पहिला परवाना द्या.

रेवा_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांत मी जेवढं शिकले तेवढं घर काढण्याआधी शिकायला हवं होतं.

सध्याची परिस्थिती: अहवाल हातात आला. दोन कॉलमना जॅकेटिंग, बीमखाली तूर्त टेकू परत लावलेत आणि वरचं काम थांबवलंय. मृणालताईंनी सांगितल्याप्रमाणे फोटो काढले. ठेकेदाराला लेखी पत्र दिलं. काल तो घरी आला. भांडायला आला असं वाटलं, पण खाली मान घालून बसला. बाबांनी विचारलं, "चौदा दिवसांचं तुला माहीत होतं का?" तो म्हणाला, "नाही. ज्याच्याकडे शिकलो तो आठच दिवस ठेवायचा." लेबरचे राहिलेले पैसे सोडायला तयार आहे. बाकीचं आयोगाकडे जाईल.

माझ्या मतात थोडा फरक पडला आहे. मी आले तेव्हा मला परवाना हवा होता तो रद्द करण्यासाठी. अप्पांच्या वडिलांचं वाचल्यापासून वाटतंय, तो शिकवण्यासाठी आधी हवा. त्याला कुणी शिकवलं असतं तर आमचं घर उभं राहिलं असतं. पण सक्तीचाच हवा, यावर मी ठाम आहे.

गवंड्याचा_पोर

नवीन सभासद आहे. वडील गवंडी, कोरेगावकडे कामं करतात. शाळा तिसरीपर्यंत. मी त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. टेकूंचे दिवस त्यांना बरोबर माहीत होते, बादल्यांचं माहीत नव्हतं. ते म्हणाले, अशी परीक्षा असेल तर मी देतो, पण तोंडी घ्या. कुठं असते का?

भालचंद्र_स्ट्रक्चरल

ग्रामीण घरकुलाच्या योजनेत ४५ दिवसांचं गवंडी प्रशिक्षण असतं, प्रत्यक्ष घर बांधता बांधता. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. पंचायत समितीत विचारा. सक्तीचं नाही, पण आहे.

रेवा_सातारा

@गवंड्याचा_पोर, शनिवारी सकाळी सात वाजता आमच्याकडे पहिल्या कॉलमचं जॅकेटिंग आहे. इंजिनिअर स्वतः उभे राहणार आहेत. वडिलांना घेऊन या, पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवते. बाबा म्हणाले, बादली आपल्याकडे दहा लिटरचीच आहे.